बहात्तरचं हेड, पंच्याहत्तरचा ब्लॉक

आमच्या अंगणातल्या ट्रकमध्ये बसून लोकांनी पनीर खावं, असं पानशेतच्या सिद्धनाथच्या मनात आलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

सिद्धनाथचं पानशेतला धरणाच्या अलीकडे हॉटेल आहे. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, जेवतात आणि जेवणापेक्षा जास्त वेळ फोटो काढतात. फोटोसाठी त्यांना मागं काहीतरी लागतं. बैलगाडी झाली, जातं झालं, कंदील झाले. आता त्याला जुना नाकवाला ट्रक हवा होता. हौद्यात चार टेबलं, केबिनमध्ये एक खास टेबल नवीन लग्न झालेल्यांसाठी आणि बोनेट उघडून आत झेंडूची रोपं. मी विचारलं, "आणि इंजिनाचं काय?" तर म्हणाला, "नाना, ते काढून टाकायचं. कुंडीत इंजिन कशाला?"

माझा मुलगा कुमार पुण्यात विम्याच्या कंपनीत आहे. कागद नसलेली वस्तू त्याला दिसत नाही. त्याने सिद्धनाथला जवळजवळ होकार देऊन टाकला होता. मला फोनवर म्हणाला, "बाबा, एकोणीस वर्षं तो अंगणात उभा आहे. आईपण म्हणायचीच की, एक तर चालता करा नाहीतर घालवा."

हे खरं होतं. कुमारची आई दर दिवाळीला हे म्हणायची, कारण रांगोळी काढताना तिला ट्रकच्या पुढच्या चाकाला वळसा घालून जावं लागायचं. मी दर दिवाळीला "बघू" म्हणायचो. गेल्या आषाढात ती चार दिवसांच्या तापात गेली. त्यानंतर मी बसून हिशेब केला तर माझ्या नावावर पुष्कळ "बघू" निघाले. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायची होती. तिला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिच्या भावाशी बोलायला लागायचं होतं. त्यातलं आता करण्यासारखं एकच उरलं होतं, ते अंगणात उभं होतं, आणि त्यात झेंडू लावायचं चाललं होतं.

मी कुमारला सांगितलं, "ट्रक चालता करतो."

"थांबा, तारीख बघतो," तो म्हणाला. मग विम्याच्या माणसासारखा बोलला. "सव्वीस जानेवारीला सिद्धनाथ क्रेन घेऊन येणार आहे. त्याच्या आत ट्रक स्वतःच्या इंजिनावर चालला पाहिजे, आणि त्या इंजिनाचे कागद पुरे पाहिजेत. दोन्ही झालं तर मी त्याला नाही सांगतो. एक जरी राहिलं तरी ट्रक जाईल. कबूल?"

मी कबूल म्हणालो. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. यंदा रांगोळी नव्हती.

भोरचा म्हादू मिस्त्री हा ह्या भागात असलं इंजिन उघडून परत मिटवणारा शेवटचा माणूस. वय पंच्याहत्तर. ऐकू चांगलं येतं, पण माणसांचं ऐकत नाही, फक्त इंजिनाचं ऐकतो. तो आमच्या उत्रोलीला आला, बोनेट उघडलं, आतून शेजारच्या गेनबाची कोंबडी उडाली, तिच्या खालची चार अंडी त्याने गेनबाच्या हातात दिली आणि मग आत वाकून म्हणाला, "नाना, हेड गेलंय."

"मग?"

"मग दुसरं घालू. अडसष्टची गाडी हाय. अडसष्टचं हेड मिळालं तर बरं."

अडसष्टचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं लोखंडी झाकण, मिळालं नाही. ज्या कंपनीने ते बनवलं ती कंपनीच आता नाही. सातारा रस्त्याच्या एका भंगारवाल्याकडे बहात्तरचं मिळालं. मी ते एसटीने आणलं. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, सीट त्याने अडवलीच होती. घरी आणून ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडावर, ठेवलं तर बहात्तरच्या हेडला दोन बोल्टची भोकं जास्त, आणि अडसष्टच्या ब्लॉकला त्या जागी नुसतं सपाट लोखंड.

गेनबा तिथेच होता. तो रोज तिथेच असायचा. म्हणाला, "दुष्काळातलं हेड हाय नाना. बहात्तर सालचं. त्याला जास्तच लागणार."

आमच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ह्या दोन भोकांबद्दल मत होतं. एकाने सांगितलं, लाकडी खुंट्या मारा. एकाने सांगितलं, पाण्याच्या टाकीची गळती बुजवतात तो मसाला भरा. डेअरीवर दूध घालायला जाणारी स्नेहल रोज थांबून विचारायची, "नाना, आज भोकं किती?" शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत मी सत्तावीस वर्षं सेक्रेटरी होतो. वार्षिक सभेत माणसं माझ्यासमोर उभी राहून बोलायची. आता तीच माणसं दुधाची कॅन हातात घेऊन मला भोकं विचारत होती.

म्हादूने त्यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ब्लॉकलाबी चीर हाय. ह्या हेडाला ह्यो ब्लॉक चालत न्हाई, तर हेडाला चालंल असा ब्लॉक बघू."

म्हणजे टोपीला साजेसं डोकं शोधायला निघायचं. मी तसं म्हणालो, पण म्हादू माणसांचं ऐकत नाही हे वर सांगितलंच आहे.

पूर्वी जुन्या ट्रकांची इंजिनं काढून भातगिरण्यांना बसवायचे. म्हादूला आठवलं की वेल्ह्यात सोजराबाईच्या गिरणीला पंच्याहत्तरचं असंच इंजिन होतं, त्यानेच बसवलेलं. नवरा वारल्यापासून अकरा वर्षं ती गिरणी थांबून होती. आम्ही दोघं वेल्ह्याला गेलो.

सोजराबाई पडवीत सूप घेऊन बसली होती. म्हादूला बघून म्हणाली, "मेला न्हाईस व्हय अजून?"

"न्हाई आक्का. इंजिन मागाया आलोय."

"कुणासाठी?"

मी सगळं सांगितलं. सिद्धनाथ, पनीर, झेंडू, कुमारची आई, सव्वीस जानेवारी. ती सूप बाजूला न ठेवता ऐकत होती. मग म्हणाली, "मालकीण कधी गेली?"

"आषाढात."

"जेवता का नीट?"

ह्या प्रश्नाची मी तयारी करून गेलो नव्हतो. म्हणालो, "भात लावतो. कधी खाली लागतो."

तिने म्हादूला किल्ली दिली. "न्या. पर माजं एक काम. नव्या भाताचा पयला तांदूळ मेंगाई देवीला जातो आमच्या घरचा. ह्यांच्या वक्ताला ह्याच इंजिनावर निघायचा. गेली अकरा वर्सं मी उखळात कांडती. हात ऱ्हायलं न्हाईत आता. माघ लागायच्या आत तेवढा तांदूळ ह्या इंजिनावर भरडून द्या. मग इंजिन तुमचं."

मी कबूल म्हणालो. त्या दोन महिन्यांत मी फार कबूल म्हणालो.

इंजिन टेम्पोने उत्रोलीला आलं. आमच्या ट्रकच्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप एकोणीस वर्षांत कुणीतरी काढून नेला होता. गेनबाने शपथ घेऊन सांगितलं की त्याने नेला नाही. आम्ही त्याला विचारलं नव्हतं. गिरणीचा पंप मात्र कापडात गुंडाळून ठेवल्यासारखा नवा होता. म्हादू म्हणाला, "ह्योच घालू. भोकं जुळत्यात." भोकं जुळण्याला आमच्याकडे तोवर इतकी किंमत आली होती की कुणीच पुढचा प्रश्न विचारला नाही.

आता जमाखर्च असा झाला. ब्लॉक पंच्याहत्तरचा. हेड बहात्तरचं. सहा पिस्टन तीन गावचे, त्यातले दोन नेमके कुठल्या सालचे हे म्हादूलाही सांगता येत नव्हतं, तो त्यांना "पावणं" म्हणायचा. पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, म्हणजे क्रँक, मात्र अडसष्टचा, आमचा स्वतःचा. तो पंच्याहत्तरच्या ब्लॉकमध्ये बसेना म्हणून भोरला लेथवर तीन वेळा नेला. म्हादू म्हणत होता, गिरणीचाच क्रँक राहू द्या. मी हटून बसलो. काहीतरी मूळचं राहिलं पाहिजे, नाहीतर आपण कोणता ट्रक चालता करतोय?

गेनबा म्हणाला, "तसं बघाय गेलं तर नाना, आता ह्यात तुमचं काय ऱ्हायलं?"

"क्रँक."

"त्यो दिसतोय कुठं?"

"आणि बोनेट."

"बोनेट माज्या कोंबडीचं हाय," गेनबा म्हणाला आणि चहाला गेला.

पौषाच्या सुरुवातीला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. चार वेळा नुसतं खोकलं, पाचव्यांदा काळा धूर सोडला, स्नेहलच्या दुधाच्या कॅनवर काजळी बसली आणि मग ते लागलं. एकसारखं. वर नाही, खाली नाही. म्हादूने कानाला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. "नाना, पन्नास वर्सांत इतकं एकसारकं चालणारं इंजिन म्या ऐकलं न्हाई." हा दोष होता, गुण नव्हता, हे आम्हाला पुढे कळलं. ट्रक जागचा हलवून बघता आला नाही, कारण टायर अजून यायचे होते.

राहिले कागद. वाहनांच्या कचेरीतला कारकून चांगला माणूस होता, हे मी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून गैरसमज नको. त्याने फॉर्म काढला, पेन उघडलं. "इंजिन कोणत्या सालचं?"

मी म्हणालो, "सरासरी सांगू का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. फॉर्मवर सालासाठी एकच चौकोन होता, चार आकड्यांचा. मी त्याला क्रँक अडसष्ट, हेड बहात्तर असं सांगत गेलो. पिस्टनपाशी आल्यावर त्याने पेन मिटलं. "काका, नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉकचं सांगा." मी ब्लॉकवर कागद ठेवून पेन्सिल घासून आणलेला नंबर दिला. त्याने तो आमच्या ट्रकच्या पुस्तकाशी ताडला. जुळला नाही. जुळणार नव्हताच. मग त्याने विचारलं, हे इंजिन आधी कुठं होतं. मी सांगितलं, भातगिरणीला.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "गिरणी कायमची बंद झाली असं मालकाने लिहून द्यायचं. वेल्ह्याच्या तहसीलचा शिक्का. सोबत गिरणीच्या परवान्याची नक्कल. आणा, लगेच करून देतो."

खरंच सोपं होतं. तयार मजकूर त्याने टाइप करूनही दिला. "सदर भातगिरणी कायमस्वरूपी बंद करण्यात आलेली आहे." खाली अंगठ्यासाठी जागा.

मी वेल्ह्याला गेलो. आधी कचेरीत जाऊन परवान्याची नक्कल काढली. तिथल्या माणसाने वही उघडली आणि हसला. "ही बाई दर वर्षी येऊन परवाना नवा करून नेते. गिरणी बंद, तरी. आम्ही सांगून दमलो."

मी तो कागद घेऊन सोजराबाईकडे गेलो. तिने वाचायला सांगितलं. मी वाचला. "कायमस्वरूपी बंद" एवढं झाल्यावर ती म्हणाली, "गिरणी बंद न्हाई. थांबलीया."

"आक्का, हे नुसतं लिहिण्यापुरतं आहे."

"लिवण्यापुरतं कशाला खोटं लिवायचं? ह्यांनी जाताना किल्ली दिली माज्या हातात. बंद कर म्हणलं न्हाईत."

माझ्या खिशात शाईचं पॅड होतं. मी सत्तावीस वर्षं लोकांचे अंगठे घेतले आहेत. कर्जाच्या कागदावर, जामीनकीवर, तंट्यात. "हे नुसतं लिहिण्यापुरतं आहे" हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन, आणि ते म्हटल्यावर प्रत्येक वेळी अंगठा मिळालेला आहे. आणखी दोनदा म्हटलं असतं तर हाही मिळाला असता, कारण ती मनाने बळकट असली तरी मी तिच्या दारी आलेला पाहुणा होतो. आणि समोर सव्वीस जानेवारी होती.

घरी कुमारच्या आईच्या साड्या अजून कपाटात आहेत. कुमारच्या बायकोने दोनदा विचारलं, काय करायचं. मी म्हणालो, राहू दे.

मी पॅड काढलं नाही. सोजराबाईने भात वाढला, तो खाल्ला आणि शेवटच्या एसटीने परत आलो.

सव्वीस जानेवारीला शाळेतलं झेंडावंदन आटोपून सगळं गाव आमच्या अंगणापुढच्या खळ्यावर आलं. टायर आदल्या दिवशी बसले होते. कुमार आला होता. सिद्धनाथ आला होता, क्रेन घेऊन, मोठी ट्रॉली घेऊन आणि झेंडूची सहा रोपं घेऊन. मी केबिनमध्ये चढलो. म्हादू खाली उभा राहून दोन्ही हात जोडून होता.

इंजिन लागलं. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि ट्रक हलला. एकोणीस वर्षांनी हलला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

काहीच झालं नाही. ट्रक होता त्याच चालीने चालत राहिला. मी पाय पूर्ण काढला. तीच चाल. ब्रेक दाबला, तर इंजिनाने आतून जास्त जोर लावला आणि तीच चाल. मी खळ्याला वळसा घालू लागलो, कारण समोर माणसं होती.

पहिल्या फेरीत कुमार ओरडला, "बाबा, छान! आता थांबवा!" दुसऱ्या फेरीत गेनबाच्या वैरणीच्या गंजीचा कोपरा गेला. "नाना, गंजी!" गेनबा ओरडला. ती मलाही दिसत होती. सिद्धनाथ रोपं उचलायला धावला, पण ती तोवर चाकाखाली गेली होती. तिसऱ्या फेरीत म्हादू ट्रकच्या बाजूने चालत आला, चालतच, कारण धावायची गरज नव्हती, आणि खिडकीतून म्हणाला, "नाना, क्लच दाबा की."

थांबतानाही क्लच दाबायचा असतो, हे एकोणीस वर्षांत मी विसरलो होतो. ट्रक थांबला. मी खाली उतरलो. हसायला लोकांनी मी पूर्ण उतरेपर्यंत दम धरला, तेवढी लाज त्यांनी ठेवली.

म्हादू बोनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "माजी चूक. पंप गिरणीचा हाय. गिरणीला एकच चाल लागती. दाणं कमी पडूद्यात न्हाईतर जास्त, चाल तीच. पंपच तसा बांधलेला असतोय. नाना, ह्यो ट्रक न्हाई. ही गिरणीच हाय, चाकं लावल्याली."

सिद्धनाथने कुमारकडे बघितलं. "मग काय धरायचं? चाललं का न्हाई?"

"चाललं," कुमार म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं. बाबा, कागद?"

मी खिशातून कारकुनाने टाइप केलेला कागद काढला, अंगठ्याची जागा कोरी असलेला. आणि ती कोरी का राहिली ते सांगितलं. गावासमोर सांगितलं, काही ठेवलं नाही. शेवटी म्हणालो, "कबूल केलं होतं ते अर्धंच झालं. ट्रक गेला. पण आधी तो वेल्ह्याला न्यावा लागेल. तिचा तांदूळ बाकी आहे."

कुमारने माझ्या हातातून सगळे कागद घेतले. परवान्याची नक्कल वाचली. पेन्सिल घासलेला नंबर त्यावर धरला. परत वाचलं. मुलगा लहानपणी गणिताचं पुस्तक असाच धरायचा, आणि त्याची आई त्याच्या मागे उभी राहून मला गप्प बसायची खूण करायची. मी गप्प बसलो.

"परवाना ह्या वर्षीचा आहे," तो म्हणाला. "इंजिनाचा नंबर आहे. जुळतोय. ह्या इंजिनाचे कागद पुरे आहेत, बाबा. ट्रकचे नसतील. पण ही चालू गिरणी आहे." मग तो सिद्धनाथकडे वळला. "चालू परवान्याची गिरणी कापून तिच्यात झाडं लावायला मी देणार नाही. तुम्हाला नाही म्हणतो."

सिद्धनाथने चिरडलेल्या रोपांकडे बघितलं. "म्हंजे क्रेन मोकळीच न्यायची?"

"मोकळी कशाला," मी म्हणालो. "वेल्ह्यावरून जायचं. आणि अडसष्टचा चिरलेला ब्लॉक तुम्हाला देतो. त्यावर काच ठेवा, टेबल होईल."

तो विचारात पडला. मग ब्लॉकभोवती एक फेरी मारली, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "काच गोल का चौकोनी?"

अशा रीतीने आमचा ट्रक ज्या ट्रॉलीवरून पानशेतला जायचा त्याच ट्रॉलीवरून वेल्ह्याला गेला. सोजराबाईच्या गिरणीसमोर त्याचं मागचं एक चाक जॅकवर उचललं, टायर काढला, उघड्या रिमवर गिरणीचा पट्टा चढवला. म्हादूने अकरा वर्षं थांबलेल्या यंत्राला तेल दिलं. बातमी बाजारात पोचली होती, आणि ट्रकवर तांदूळ कसा निघतो ते बघायला आलेल्या बायका रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर भाताचं पोतं होतं.

मी केबिनमध्ये बसून गिअर टाकला. पट्टा फिरला. सुरुवातीला नुसता भुगा आला, मग कण्या, मग अख्खा तांदूळ. मला काही करायचं नव्हतं. पाय कुठेही ठेवला तरी चाल तीच होती. मी खाली उतरून कोंडा उडतो त्या बाजूला जाऊन उभा राहिलो, म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी विचारणार नाही.

सोजराबाई पितळी पातेली घेऊन आली. पहिल्या धारेचा तांदूळ तिने पातेलीत धरला आणि माझ्याकडे वळली. इंजिनाच्या आवाजात ती मोठ्याने बोलली. "ह्यो मेंगाईचा. एक मूठ गेलेल्या माणसाच्या नावानं बाजूला काढायची असती. मी ह्यांच्या नावाची काढली. तुमच्या घरची बी काढती. नाव सांगा."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. आधी "अगं" होतं, मग कुमार झाल्यावर "कुमारची आई" झालं. दवाखान्यातही नर्सने पेशंटचं नाव विचारलं तेव्हा मी आधार कार्ड पुढे केलं होतं.

मी हळूच सांगितलं.

"आं?" सोजराबाई म्हणाली. "ऐकू येईना. मोठ्यानं सांगा."

रांगेतल्या बायका बघत होत्या. कुमार बघत होता. इंजिन बंद करता आलं असतं, पण तांदूळ चालू होता.

"रत्ना!" मी ओरडलो.

सोजराबाईने मान हलवली आणि मूठ भरली.